दुपारी अडीच वाजता कापलेलं गवत

माझा मामा बावीस वर्षं रस्त्याच्या कामावर ग्रेडर चालवायचा. ग्रेडर म्हणजे पोटाखाली आडवं पातं लावलेलं ते लांबुडकं पिवळं यंत्र, खडी-माती सपाट करत पुढं सरकणारं. पन्नाशीत कंबरेनं दगा दिला, डॉक्टरांनी यंत्रावर बसायला मनाई केली, आणि ओळखीतल्या एका मालकानं त्याला आपल्या कॅम्पवर व्यवस्थापक म्हणून नेमलं.

कॅम्प म्हणजे उघड्या माळावरची बारा एकर जागा. नजर पोचेल तिथवर गवत, आणि उन्हाळ्यात ते इतकं वाळायचं की वारा सुटला की कागद चुरगाळल्यासारखा आवाज यायचा. पुढच्या अंगाला मोटरहोमच्या जागा. ज्यांच्या गाडीतच बिछाना, शेगडी आणि संडास असतो असल्या अगडबंब गाड्या तिथं लागायच्या. प्रत्येक जागेला विजेचा खांब आणि पाण्याचा नळ. मागच्या अंगाला तंबूवाल्यांची मोकळी जमीन, सगळ्यांत मिळून एक नळ आणि चार पत्र्यांची सावली. मधे ऑफिस, त्याला चिकटून मामा-मामीच्या दोन खोल्या, न्हाणीघरं आणि मामीची कपडे धुण्याची यंत्रं.

मोटरहोम आली की मामा शर्टाच्या खिशातून वीतभर पाणसळ काढायचा, गाडीच्या पायरीवर ठेवायचा, आणि आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवत राहायचा. गाडी तिरकी असली तर आतल्या माणसाच्या डोक्यात रक्त उतरतं, असं तो सांगायचा. मामी म्हणायची, "सकाळी उठल्यावर माझ्या कपाळावर पण ठेवून बघतात, आज मूड सरळ आहे की तिरका." येणारी-जाणारी माणसं त्याला 'पाणसळ' म्हणूनच ओळखायची. त्याला ते आवडायचं. सरळ माणूस, असाच त्याचा अर्थ तो घ्यायचा, आणि आम्हीही घ्यायचो.

आगीच्या बाबतीत तर तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. उन्हाळ्यात उघड्यावर शेकोटी बंद. सिगारेट फक्त ऑफिसमागच्या फरशीवर. गॅसची छोटी शेगडी चालेल, पण खाली पत्रा हवा आणि शेजारी पाण्याची बादली हवी. गवत कापायचं यंत्र चालवायचं ते सकाळी आठच्या आत, दंव असताना, कारण पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. हा शेवटचा नियम त्याचा त्यानंच स्वतःसाठी केला होता. अकरा वर्षांत कॅम्पवर एकदाही आग लागली नव्हती, आणि तो ते येईल त्याला ऐकवायचा.

पुढचं मला थोडं मामीकडून कळलं आणि बरंचसं मामाकडून, तीन आठवड्यांनी.

त्या दिवशी संध्याकाळी निवृत्त लोकांच्या एका मंडळाच्या सहा मोटरहोम यायच्या होत्या. ऐन उन्हाळ्यात एकदम सहा गाड्या म्हणजे लॉटरीच. त्यांच्यासाठी राखलेल्या जागांमागं गवत गुडघ्याच्या वर गेलेलं. मामा सकाळी सहाला यंत्र काढायला गेला तर पट्टा तुटलेला. शहरातून नवा पट्टा मागवून, बसवून होईतो दुपार झाली. मामी कपडे वाळत घालत होती. तिनं यंत्राचा आवाज ऐकला, पाण्याची बाटली घेऊन बांधापर्यंत गेली.

"आत्ता?" एवढंच म्हणाली.

"गवताचे दोनच पट्टे राहिलेत. लगेच उरकतो," मामा म्हणाला, पाणी प्यायला, आणि पुन्हा यंत्रावर चढला. तेव्हा अडीच वाजले होते. पाऱ्यानं त्रेचाळीस गाठले होते.

तंबूंच्या बाजूला तेव्हा एकच कुटुंब होतं: एक आजोबा, त्यांची चाळिशीची मुलगी आणि नऊ वर्षांची नात. आजोबा पस्तीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलगी इस्पितळात नर्स. चार दिवसांची सुट्टी, नातीला उघड्यावर तारे दाखवायचे, म्हणून आलेली माणसं. तंबू उसना आणलेला. मेखा कशा ठोकायच्या आणि तणाव्याचे दोर किती ओढायचे हेसुद्धा त्यांना मामानंच आदल्या दिवशी दाखवलं होतं. त्या दुपारी पत्र्याच्या सावलीत आजोबांनी शेगडीवर चहा केला, तिघं प्यायली, आणि उकाड्यानं तिथंच आडवी झाली.

मामा शेवटचा पट्टा उरकून वळला तर मागं धूर. आपण आत्ताच ज्या पट्ट्यातून आलो त्याच पट्ट्यातून. त्या माळावर गारगोट्यांची काय कमी! पण त्याला ना खट्ट ऐकू आलं होतं, ना ठिणगी दिसली होती. तो यंत्रावरून उतरेपर्यंत गवतानं पेट घेतला होता आणि वारा तंबूंच्या दिशेनं होता.

त्यानंतरची वीस मिनिटं मामा नीट सांगू शकत नाही. मामी सांगते. तिनं घंटा बडवली. मोटरहोममधली माणसं बाहेर आली. ओली पोती, ओले टॉवेल, न्हाणीघरातल्या बादल्या, जे हाताला लागलं ते घेऊन माणसं गवत झोडपत सुटली. सगळ्यांत पुढं आजोबा होते. त्यांच्या उजव्या हाताची पाठ भाजली तरी मागं हटेनात, शेवटी मुलीनं ओढून मागं आणलं. आग कॅम्पभोवतीच्या जाळरेषेपाशी, म्हणजे मुद्दाम नांगरून उघड्या ठेवलेल्या पट्ट्यापाशी, अडली आणि विझली. जागेवर काळा डाग राहिला, तंबूचा एक पाखा वितळला, कुणाचे वाळत घातलेले कपडे गेले. माणसं बचावली.

सगळे धापा टाकत उभे होते. तोंडं काळवंडलेली. तेवढ्यात एका मोटरहोमवाल्यानं विचारलं, "पण लागली कशी?"

 त्याच माणसाची नजर पत्र्याच्या सावलीतल्या शेगडीवर गेली. "चहा कोण करत होतं?"

मामा मला म्हणाला, "तेव्हा मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलो असतो तरी पाप झालं असतंच. पण मी गप्पसुद्धा बसलो नाही."

तो पुढं झाला आणि आजोबांना म्हणाला, "काका, शेगडी बंद केली होती का तुम्ही?"

"बाबांनीच बंद केली," मुलगी म्हणाली. "मी पाहिलं."

"तुम्ही पाहिलं की झोपल्या होतात?"

मुलगी अडखळली. आजोबा शेगडीकडं बघत होते. "केली होती," ते म्हणाले. मग थांबून, "केली होती असं वाटतं."

"काका, नुसत्या वाटण्यानं गवत पेटायचं थांबत नाही," मामा म्हणाला.

हे वाक्य त्यानं मला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता.

शेगडी खरोखर बंद होती का, हे कुणी जवळ जाऊन बघितलंच नाही. धावपळीत ती लाथाडली जाऊन उलटी पडली होती, मग काय बघणार? आजोबांनी भाजलेला हात डाव्या हातात धरला, जमलेल्या सगळ्यांपुढं मान खाली घातली आणि म्हणाले, "माफ करा. माझ्यामुळं झालं. माफ करा."

नात आईला बिलगून रडायला लागली. मामानं त्यांना निघायला सांगितलं. ज्याच्यामुळं आग लागेल त्यानं लगेच कॅम्प सोडायचा, नियमच तसा होता. मेखा उपटायला, तंबू गुंडाळायला त्यानं स्वतः मदत केली, जरा जास्तच मदत केली. चार वाजताच्या उन्हात त्यांची जुनी गाडी फाटकातून बाहेर पडली.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर मामीनं विचारलं, "यंत्र किती वाजता काढलं होतं तुम्ही?"

"सकाळी," मामा म्हणाला.

जिनं अडीच वाजता स्वतःच्या हातानं पाणी नेऊन दिलं होतं, तिला. मामीनं पुढं काही विचारलं नाही. आणि हे मी आत्ताच सांगून टाकते, की ती कुणाला काही बोललीही नाही.

मंडळाच्या सहा गाड्या आल्या. त्यांना येता येताच सगळी हकीकत कळली. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी ऑफिससमोर खुर्च्या मांडल्या, मामाला मधे बसवलं आणि कॅम्प वाचवल्याबद्दल त्याला टोपी भेट दिली. टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोला म्हणाले. मामा उभा राहिला. "काळजी घ्या," म्हणाला, आणि बसला. लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे! मालकाचाही फोन आला. तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत म्हणाले. मामा म्हणतो, त्या दिवसांत कुणी चांगलं बोललं की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या त्यानं मारल्या होत्या, आणि वर टोपी घातली होती.

यंत्राचं पातं त्यानं उतरवून पाहिलं होतं. कडेला नवी खाच पडलेली, नखाएवढी, चकचकीत. त्यानं ती कानस लावून घासून काढली. "तेवढं तरी नको होतं करायला," तो मला म्हणाला. मला तर वाटतं, सगळ्यात जास्त त्याला त्या कानशीचीच लाज वाटत असावी. बाकीचं तोंडातून निसटलं म्हणता येईल, पण कानस पेटीतून काढावी लागते.

तीन आठवड्यांनी पत्र आलं.

मी नेमकी त्याच सुमाराला चार दिवस विसाव्याला म्हणून कॅम्पवर गेले होते. मी औषधाच्या दुकानात काम करते, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. मामा वाळला होता. गाड्यांखाली ठोकळे लावताना एकही शब्द बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते पत्र माझ्या हातात दिलं. "वाच. माझा चष्मा सापडत नाही," म्हणाला. चष्मा त्याच्या नाकावर होता. एरवी आम्ही हसलो असतो.

अक्षर शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं वळणदार. आजोबांनी आधी पुन्हा एकदा माफी मागितली होती. मग लिहिलं होतं की पस्तीस वर्षं रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या बत्तीस बर्नरच्या चाव्या ते स्वतः हात लावून बंद करायचे आणि एकदाही चूक झाली नाही. त्यामुळं त्यांना प्रश्न पडला आहे. त्या दिवशी त्यांनी शेगडीची चावी फिरवली ही आठवण त्यांच्या बोटांत अजून आहे. ती आठवण खोटी असेल तर त्यांची स्मरणशक्ती चालली आहे असा अर्थ होतो, आणि मुलीनं त्यांना डॉक्टरांकडं न्यायचं ठरवलं आहे. 'तरी आपण जवळ होता. आपल्याला चावी उघडी दिसली होती का, एवढंच कृपया कळवावं. खरं काय ते कळलं की मी मनाची तयारी करीन.'

मी पत्र खाली ठेवलं. मला तोवर काहीच माहीत नव्हतं. "मग? कळव की."

"तू लिही. मी सांगतो," मामा म्हणाला.

मी कागद घेतला. त्यानं सांगायला सुरुवात केली: आपलं पत्र मिळालं, हाताची जखम बरी झाली असेल अशी आशा आहे, चावीकडं माझं नीट लक्ष गेलं नाही, आपण फार मनाला लावून घेऊ नये, माणसाच्या हातून चुका होतातच. तिथं तो अडला.

"चुका होतातच, पुढं?" मी विचारलं.

"फाड ते," मामा म्हणाला. "खोटं आहे."

आणि मग त्यानं मला सगळं सांगितलं. टेबलाच्या कडेला अंगठ्याच्या नखानं ओरखडे काढत. मामी दारात येऊन उभी राहिली होती. तो थांबला तेव्हा ती म्हणाली, "अडीच वाजले होते." बस्स.

मी म्हटलं, आत्ता फोन लाव. तो म्हणाला, "फोनवर नको. सगळ्यांसमोर उभं करून बोललो ना त्यांना? मग आता मी उभा राहतो."

चार तासांचा रस्ता. गाडी मी चालवली. वाटेत त्यानं एकदा थांबायला लावलं. नुसताच खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी हॉर्न वाजवला तेव्हा येऊन बसला.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार आजोबांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, उजव्या हातावर गुलाबी कातडं आलेलं. मामाला बघताच ते आधी घाबरले, मग त्यांनी घाईघाईनं खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं उचलली. "बसा, बसा. एवढ्या लांबून आलात. चहा... चहा मुलगी आली की करील."

स्वयंपाकघर समोरच होतं. ओट्यावरच्या शेगडीला चाव्या नव्हत्या. चार लोखंडी दांड्या तेवढ्या उघड्या दिसत होत्या. माझी नजर तिकडं गेलेली बघून आजोबा ओशाळले. "मुलगी कामावर जाताना काढून नेते. बरोबरच आहे तिचं. घरात लहान पोर आहे."

मामा बसला नव्हता. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "काका, शेगडी तुम्ही बंद केली होती. आग माझ्या यंत्रानं लागली. मला तेव्हाच माहीत होतं."

आजोबांनी हातातली वर्तमानपत्रं खाली ठेवली.

"म्हणजे मी बंद केली होती?"

"हो."

"चावी फिरवली होती मी?"

"मी चावी बघितलीच नाही, काका. पण आग तिथून लागलीच नाही. कापलेल्या पट्ट्यातून लागली. दुपारचं यंत्र चालवलं मी. चालवायचं नव्हतं."

"बंद केली होती," आजोबा स्वतःशीच म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि बाहीनं डोळे पुसू लागले. मी पाणी आणायला उठले. मामा तसाच उभा होता, हात बाजूला सोडून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

तेवढ्यात मुलगी आली. ड्युटीच्या कपड्यांतच होती. वडिलांचा चेहरा बघून तिनं पर्स खाली टाकली. मामानं तिलाही सांगितलं, तेच, तेवढ्याच शब्दांत. तिनं आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं.

"बाबा आता दाराला कुलूप लावून जिन्यातून पाच वेळा परत येतात, माहितीये तुम्हाला?" ती म्हणाली. "आंघोळीचा नळ बंद केला का, हे माझ्या मुलीला विचारतात. नऊ वर्षांच्या पोरीला. मी त्यांच्या हातातून शेगडी काढून घेतली. मी! तुमच्या शब्दावर. त्यांच्या शब्दावर विश्वास नाही ठेवला मी."

"माझं चुकलं," मामा म्हणाला.

"आम्हाला इथं येऊन सांगताय. तिथं जेवढे उभे होते त्यांचं काय? त्यांच्या लेखी माझे बाबा कोण आहेत?"

"जाऊ दे ग," आजोबा म्हणाले.

"नाही जाऊ देणार."

"सांगतो," मामा म्हणाला. "त्या सगळ्यांना सांगतो."

आजोबा उठले. मला वाटलं, आता ते मामाच्या खांद्यावर हात ठेवतील. गोष्टींत ठेवतात. त्यांनी दार उघडलं. "तुम्ही आलात हे बरं केलंत," ते म्हणाले. "पण आता जा. मला तुमच्याकडं बघवत नाही." आवाजात राग नव्हता, थकवा होता. आम्ही जिना उतरलो. 

परतल्यावर त्यानं मालकाला फोन केला. मालक म्हणाले, झालं गेलं, आता उकरून काढू नका, कॅम्पचं नाव खराब होईल. मामा म्हणाला, नाव माझंच खराब आहे, आणि त्यानं त्या दुपारच्या मुक्कामातल्या प्रत्येक गाडीवाल्याला नोंदवहीतला पत्ता बघून हातानं पत्र लिहिलं. टोपी दिली त्या मंडळालाही लिहिलं, आणि टोपी सोबत परत पाठवली. आजोबांच्या मुलीला या सगळ्या पत्रांच्या नकला धाडल्या. उत्तरं दोनच आली. एकानं लिहिलं, एवढा कशाला बाऊ करता. दुसऱ्यानं, ज्यानं त्या दिवशी शेगडीकडं बघून प्रश्न विचारला होता त्यानं, लिहिलं की मलाही झोप लागलेली नाही, त्या काकांचा पत्ता द्या. मामानं आधी मुलीला विचारलं. तिनं नको म्हणून कळवलं.

व्यवस्थापकाची जागा गेली. मालकानं एक तरुण बाई नेमली, हुशार, मामाशी नीट वागणारी. मामाला मालकांनी कामावर ठेवलं, पण आता तो न्हाणीघरं धुतो आणि मोटरहोमचं सांडपाणी उपसतो. मामीची यंत्रं चालूच आहेत. तंबूवाल्यांकडं तो अजूनही जातो, मेखा ठोकून देतो. कुणी कौतुक करायला लागलं की मात्र काही न बोलता बादली उचलतो आणि चालू लागतो. लोकांना तो तुसडा वाटतो. मी म्हटलं, मामा, एवढं काय, नवीन माणसांना काय माहीत? तो म्हणाला, "मला माहीत आहे ना."

डॉक्टरांनी आजोबांच्या सगळ्या तपासण्या केल्या. वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम निघाली. शेगडीच्या चाव्या परत लावल्या गेल्या. पण कुलूप बघायला जिन्यातून परत यायची सवय काही गेली नाही. पाच वेळांची दोनवर आली, तिथंच थांबली.

हे कळलं ते मामीकडून. मामानं नकला पाठवल्या त्या पाकिटात तिनं, त्याला न सांगता, स्वतःच्या अक्षरात दोन ओळी टाकल्या होत्या: पाणी मी नेऊन दिलं होतं. मलाही माहीत होतं आणि मी बोलले नाही. त्यावर पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. मुलगी एवढंच म्हणाली, बोला. तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी त्या बोलतात. नात आता सातवीत आहे. मामाबद्दल मुलगी कधी विचारत नाही आणि मामीही विषय काढत नाही. फोन वाजला की मामा आतल्या खोलीत जातो, रेडिओ बंद करतो, आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच बसून राहतो.